वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती : देशोदेशीच्या पद्धती आणि आपल्यापुढील प्रश्न

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराचा वाहनांशी असलेला संबंध जुना आणि बहुपदरी आहे. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक या शहराने देशाला दिला. ‘जोंगा’ या वाहनाच्या नावातील पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात असून मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईची अपिले तेथे चालतात. मात्र या शहराची आणखी एक नोंद चिंता वाटावी अशी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ५० शहरांमध्ये अपघातांच्या संख्येनुसार दिल्ली व इंदूर यांच्यानंतर जबलपूरचा तिसरा क्रमांक होता.

त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. मध्य प्रदेशातील मृतांची संख्या १३,४२७, तर महाराष्ट्रातील १५,२२४ होती. देशातील मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील, म्हणजेच कुटुंबाचा आधार असलेल्या होत्या. रस्त्याची सदोष रचना, अतिवेग, हेल्मेट व आसनपट्ट्याचा अभाव, उपचारास होणारा विलंब अशी अपघाती मृत्यूंची कारणे अनेक आहेत. या सर्व कारणांच्या केंद्रस्थानी वाहन चालविणारी व्यक्ती असते आणि तिला रस्त्यावर येण्याची मुभा शासन एका कागदाद्वारे किंवा कार्डाद्वारे देते. हे कार्ड जगभर जवळपास सारखेच दिसते. त्यामागील शिक्षण मात्र देशागणिक फार वेगळे आहे. प्रस्तुत लेखात या फरकाचा आणि त्यातून भारतासाठी निघणाऱ्या बोधाचा विचार केला आहे.

अनुज्ञप्ती म्हणजे काय?

बोलीभाषेत ज्याला ‘लायसन्स’ म्हणतात, त्यासाठी महाराष्ट्राच्या प्रशासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द रूढ आहे. ‘परवाना’ हा शब्द तेथे प्रामुख्याने प्रवासी किंवा मालवाहू वाहन भाड्याने चालविण्यासाठी वाहनाला मिळणाऱ्या अनुमतीसाठी वापरला जातो. अनुज्ञप्ती व्यक्तीची असते, तर परवाना वाहनाच्या व्यवसायाचा असतो. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालविणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. सर्वसामान्य मनाई कायद्यानेच घातलेली असते आणि पात्र व्यक्तीसाठी ती शिथिल केली जाते. प्रारंभीच्या काळात मात्र अनुज्ञप्ती ही केवळ ओळखीची नोंद होती. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार अधिनियमानुसार १ जानेवारी १९०४ पासून चालकाला अनुज्ञप्ती घ्यावी लागे. परंतु त्यासाठी कोणतीही चाचणी नव्हती, शुल्क भरले की ती मिळत असे. प्रशियाने १९०३ मध्येच चाचणी सक्तीची केली होती. ब्रिटनमध्ये सक्तीची चाचणी १ जून १९३५ रोजी आली. नोंदीपासून चाचणीपर्यंतचा आणि चाचणीपासून प्रशिक्षणापर्यंतचा हा प्रवास सर्व देशांनी एकाच गतीने केलेला नाही. आज दिसणाऱ्या फरकांचे मूळ यात आहे.

भारतातील घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतात अखिल देशासाठीचा पहिला मोटार वाहन अधिनियम १९१४ मध्ये संमत झाला. त्याची जागा १९३९ च्या अधिनियमाने घेतली. सध्याचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला असून २०१९ मध्ये त्यात व्यापक सुधारणा करण्यात आल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे त्याचे पूरक नियम होत.

यंत्रचलित वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, नोंद क्रमांक ३५ मध्ये आहे. वाहनांवरील कर राज्यसूचीतील नोंद क्रमांक ५७ नुसार राज्यांकडे आहेत. कायदा केंद्राचा आणि अंमलबजावणी राज्याच्या परिवहन विभागाची, अशी ही रचना आहे. त्यामुळे जबलपूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेली अनुज्ञप्ती ही मध्य प्रदेश शासनाच्या यंत्रणेने दिलेली असली, तरी अधिनियमाच्या कलम १३ नुसार ती संपूर्ण भारतात वैध असते.

या तरतुदीचे महत्त्व जबलपूर–नागपूर मार्गावर विशेष जाणवते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर प्रथम मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. सीमा आली तरी दोन्ही बाजूंच्या मराठी कुटुंबांची ये-जा थांबली नाही. जबलपूरची अनुज्ञप्ती असलेला चालक सिवनीमार्गे नागपुरात आला, तर त्याला कोणतीही नवी परीक्षा द्यावी लागत नाही. याउलट त्याचे वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे असल्यास कलम ४७ नुसार त्या राज्यात नवीन नोंदणीचिन्ह घ्यावे लागते. वारंवार बदली होणाऱ्या संरक्षण दलांतील व केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना, तसेच अन्य काही पात्र नोकरदारांना ही अडचण येऊ नये म्हणून २०२१ मध्ये ‘भारत’ मालिकेची नोंदणी सुरू करण्यात आली. एकंदरीत, अनुज्ञप्ती राज्याची सीमा सहज ओलांडते, वाहनाची नोंदणी मात्र तितक्या सहजतेने ओलांडत नाही.

शिकाऊ ते पक्की : भारतातील टप्पे

कलम ४ नुसार वाहन चालविण्याचे किमान वय १८ वर्षे आहे. ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ते १६ वर्षे, तर परिवहन वाहनासाठी २० वर्षे आहे. इच्छुकास प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती घ्यावी लागते. त्यासाठी वाहतूक चिन्हे, चालकाची कर्तव्ये, अपघातप्रसंगीचे वर्तन आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे यांवरील वस्तुनिष्ठ चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. मार्च २०२१ मधील अधिसूचनेनंतर आधार प्रमाणीकरणाच्या साह्याने ही सेवा कार्यालयात न जाताही मिळू लागली.

शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावावे लागते. तसेच वाहन तत्काळ थांबविता येईल अशा जागी, अनुज्ञप्ती असलेली शिकविणारी व्यक्ती शेजारी असावी लागते. किमान ३० दिवसांनंतर प्रत्यक्ष चाचणी देता येते. तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्यास पुढील चाचणीपूर्वी ६० दिवस थांबावे लागते.

पक्की अनुज्ञप्ती मिळाल्यानंतरची वैधता २०१९ च्या सुधारणेने वयाशी जोडली गेली. तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी काढलेली अनुज्ञप्ती चाळीस वर्षे वयापर्यंत चालते. तीस ते पन्नास वर्षे वयाच्या व्यक्तीस ती दहा वर्षांसाठी मिळते. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत तीनऐवजी पाच वर्षे करण्यात आली. अनुज्ञप्तीविना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आला. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास आणि त्याच्याकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या चौकटीतील एक उणीव सहज लक्षात येत नाही. परिवहन वाहनासाठी मान्यताप्राप्त शाळेचे प्रमाणपत्र आवश्यक असते, परंतु खासगी मोटारीसाठी शाळेत शिकण्याची सक्ती नाही. नियम ३१ मध्ये प्रशिक्षण शाळांसाठी अभ्यासक्रम ठरविलेला असून खासगी वाहनासाठी किमान २१ दिवस व प्रत्यक्ष चालविण्याचे दहा तास अशी अट आहे. मात्र ती शाळेत जाणाऱ्यालाच लागू पडते. घरातील वडीलधाऱ्यांकडून किंवा मित्राकडून शिकणाऱ्या उमेदवाराने रस्त्यावर किती तास घालवावेत, याविषयी कायदा मौन बाळगतो. शिकाऊ काळातील तीस दिवस ही केवळ प्रतीक्षेची मुदत आहे. त्या दिवसांत एकदाही वाहन हाती न घेतलेला उमेदवारही चाचणीस बसू शकतो. साहजिकच संपूर्ण भार अखेरच्या काही मिनिटांच्या चाचणीवर येतो.

जबलपूरमधील दुसरी वाट

जबलपूर हे छावणीचे शहर आहे. ग्रेनेडियर्स तसेच जम्मू आणि काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची केंद्रे येथे आहेत. अशा शहरात रस्त्यावरील सर्व चालक एकाच कार्यालयातून आलेले नसतात. अधिनियमाच्या कलम १८ नुसार, केंद्र शासनाच्या मालकीची आणि देशाच्या संरक्षणाशी निगडित कामासाठी वापरली जाणारी वाहने चालविण्यासाठी विहित प्राधिकरण स्वतंत्र अनुज्ञप्ती देऊ शकते. ती संपूर्ण भारतात वैध असते. मात्र त्याच कलमाच्या पोटकलम (३) नुसार तिच्या आधारे इतर कोणतेही वाहन चालविता येत नाही. लष्कराचा अवजड ट्रक सफाईने चालविणाऱ्या जवानालाही सुटीत घरची मोटार चालवायची असल्यास नागरी अनुज्ञप्ती लागते. अनुज्ञप्ती ही व्यक्तीच्या कौशल्याबरोबरच वाहनाच्या वर्गाशी आणि प्रयोजनाशी बांधलेली असते, हे तत्त्व या तरतुदीतून स्पष्ट होते.

देशोदेशीच्या तीन पद्धती

जगातील पद्धतींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. काही देशांचा भर कठोर परीक्षेवर आहे, काहींचा सक्तीच्या प्रशिक्षणावर आणि काहींचा टप्प्याटप्प्याने दिल्या जाणाऱ्या मोकळिकीवर आहे.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण ब्रिटन होय. तेथे भारताप्रमाणेच शाळेत शिकण्याची सक्ती नाही. किमान २१ वर्षे वयाची आणि तीन वर्षे अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती शिकाऊ चालकासोबत बसू शकते. मोटार चालविण्याचे सर्वसाधारण किमान वय १७ आहे. तथापि परीक्षा खडतर आहे. १९९६ पासून स्वतंत्र लेखी चाचणी आली. तीत आता ५० पैकी ४३ प्रश्नांची उत्तरे बरोबर यावी लागतात. २००२ मध्ये धोक्याची चाहूल ओळखण्याची चाचणी जोडली गेली. पडद्यावरील १४ चित्रफिती पाहताना पादचारी रस्त्यात उतरणे किंवा वळणामागून वाहन येणे यांसारखे संभाव्य धोके उमेदवार किती लवकर हेरतो, हे तीत मोजले जाते. प्रत्यक्ष चाचणी सुमारे चाळीस मिनिटे खऱ्या रहदारीत होते. एकच गंभीर चूकही अनुत्तीर्ण होण्यास पुरेशी असते आणि सुमारे निम्मेच उमेदवार यशस्वी होतात. त्यानंतरही पहिल्या दोन वर्षांत सहा दोषगुण जमा झाल्यास अनुज्ञप्ती रद्द होते आणि चालकाला पुन्हा शिकाऊ टप्प्यापासून प्रारंभ करावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात जर्मनी व जपान हे देश येतात. जर्मनीत २०२५ पर्यंत चालत आलेल्या नियमांनुसार नव्या उमेदवाराला मोटारीसाठी प्रत्येकी ९० मिनिटांचे १४ तात्त्विक पाठ सक्तीचे होते. त्याखेरीज शहराबाहेरील रस्त्यांवर पाच, द्रुतगती महामार्गावर चार आणि अंधारात तीन असे बारा विशेष पाठ पूर्ण करावे लागत. प्रथमोपचाराचे शिक्षणही आवश्यक होते. रात्रीचे वाहन चालविणे आणि महामार्गावर प्रवेश करणे यांसाठी वेगळा सराव लागतो, ही जाणीव या अभ्यासक्रमात दिसते. जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे जाताना पेंचच्या जंगलपट्ट्यातून रात्री प्रवास करणाऱ्या चालकाला अशा सरावाची किती आवश्यकता आहे, हे वेगळे सांगावयास नको. भारतीय चाचणीत मात्र रात्रीच्या सरावाची अट नाही.

जपानमध्ये बहुसंख्य उमेदवार शासनाने निर्देशित केलेल्या प्रशिक्षण शाळेत जातात. स्वयंचलित गिअरच्या मोटारीसाठी किमान ३१ तास प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रथम शाळेच्या बंदिस्त आवारात, नंतर तात्पुरत्या अनुज्ञप्तीवर सार्वजनिक रस्त्यावर, असा त्याचा क्रम असतो. शाळेची अंतिम चाचणी उत्तीर्ण झालेल्यास शासकीय केंद्रात प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागत नाही, केवळ लेखी परीक्षा द्यावी लागते. अनुज्ञप्ती मिळाल्यावर वर्षभर वाहनावर नवशिक्याचे पिवळे-हिरवे चिन्ह लावणे बंधनकारक असते.

तिसऱ्या प्रकाराला ‘श्रेणीबद्ध अनुज्ञप्ती’ म्हणतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ती व्यापक स्वरूपात प्रथम स्वीकारली. नवशिक्याला सर्व अधिकार एकदम न देता शिकाऊ, मर्यादित आणि पूर्ण अशा पायऱ्यांनी ते दिले जातात. मर्यादित टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने वाहन चालविण्यावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर बंधने असतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालील शिकाऊ चालकाने १२० तासांच्या सरावाची नोंदवही भरावी लागते आणि त्यातील २० तास रात्रीचे असावे लागतात. त्यानंतर लाल व हिरव्या ‘पी’ चिन्हांचे दोन टप्पे येतात. येथे शिकविणारी व्यक्ती बहुधा घरातीलच असते, पण तिने किती वेळ द्यावा हे राज्य ठरविते.

अमेरिकेत अनुज्ञप्ती हा घटकराज्यांचा विषय असल्याने किमान वय, चाचणी व बंधने राज्याराज्यांत भिन्न आहेत. फ्लॉरिडाने १९९६ मध्ये श्रेणीबद्ध पद्धत आणल्यानंतर इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. अवजड व्यावसायिक वाहनांच्या चालकांसाठी मात्र १९८६ च्या संघीय कायद्याने देशभर किमान निकष लागू केले. युरोपीय संघाने याच्या उलट दिशेने वाटचाल केली. तेथे सार्वभौम राष्ट्रांनीच २००६ च्या निर्देशाद्वारे समान निकष मान्य केले आणि जानेवारी २०१३ पासून शंभराहून अधिक जुन्या नमुन्यांच्या जागी एकच नमुना देण्यास प्रारंभ केला. भारतानेही २०१९ मध्ये सर्व राज्यांसाठी एकसमान कार्डाचा नमुना निश्चित केला.

सीमेपलीकडील मान्यता

शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना या फरकाचा प्रत्यय लगेच येतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराचा पक्षकार आहे. त्यानुसार वैध भारतीय अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीस तिच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनचालक अनुमतिपत्र मिळू शकते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. ऑगस्ट २०२२ मधील अधिसूचनेने त्याचा नमुना देशभर समान करण्यात आला. हे अनुमतिपत्र म्हणजे नवीन पात्रता नव्हे. मूळ अनुज्ञप्तीचा इतर देशांना समजेल असा तो अधिकृत अनुवाद असून मूळ अनुज्ञप्तीही सोबत बाळगावी लागते.

अल्पकाळच्या पाहुण्याला मिळणारी ही सवलत स्थायिक होणाऱ्याला मिळत नाही. ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय अनुज्ञप्ती बारा महिने चालते. त्यानंतर शिकाऊ अनुज्ञप्ती घेऊन लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या द्याव्या लागतात. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांची आहे आणि त्यानंतर दोन्ही परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. जपाननेही ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी अनुज्ञप्ती बदलून घेण्याचे नियम कडक केले. ज्ञानचाचणीतील प्रश्नांची संख्या १० वरून ५० करण्यात आली आणि उत्तीर्णतेचा निकष ९० टक्क्यांवर नेण्यात आला. याउलट काही देशांच्या अनुज्ञप्ती ब्रिटन किंवा जर्मनीत चाचणीविना बदलून मिळतात.

अनेकांना हा भेदभाव वाटतो. वाहतूक डावीकडून की उजवीकडून, हे त्याचे कारण नव्हे, कारण ब्रिटन व जपान येथेही भारताप्रमाणे डावीकडूनच वाहने चालतात. अनुज्ञप्ती ही एका शासनाने आपल्या चालकाविषयी दिलेली ग्वाही असते. ती देण्यापूर्वी काय शिकविले गेले आणि काय तपासले गेले, याची खात्री झाली तरच दुसरे शासन ती ग्वाही जशीच्या तशी स्वीकारते. भारतीय पदवीच्या मान्यतेचा प्रश्न ज्याप्रमाणे अभ्यासक्रमाच्या दर्जाशी निगडित असतो, त्याचप्रमाणे अनुज्ञप्तीच्या मान्यतेचाही आहे.

न्यायालयातील अनुज्ञप्ती

अनुज्ञप्तीचे मोल सर्वाधिक जाणवते ते अपघातानंतर. मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर कलम १७३ नुसार उच्च न्यायालयात अपील करता येते. मध्य प्रदेशात अशी अपिले जबलपूरचे मुख्य पीठ आणि इंदूर व ग्वाल्हेर येथील खंडपीठे यांच्यासमोर येतात. चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नव्हती, हा विमा कंपनीचा नेहमीचा बचाव असतो. तो मान्य झाला तर मृताच्या कुटुंबाला भरपाई कोणाकडून मिळणार, हा प्रश्न उभा राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरण सिंग प्रकरणात असे स्पष्ट केले की, केवळ अनुज्ञप्तीतील दोष दाखवून विमा कंपनी त्रयस्थ व्यक्तीप्रतीचे दायित्व टाळू शकत नाही. वाहनमालकाची हयगय तिने सिद्ध करावी लागते. योग्य प्रकरणी तिने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असाही मार्ग आहे. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेला चालक त्या वजनगटातील परिवहन वाहन चालवू शकतो काय, हा दुसरा वाद दीर्घकाळ चालला. २०१७ च्या मुकुंद देवांगन प्रकरणातील होकारार्थी निर्णय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. त्यामुळे ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाच्या परिवहन वाहनासाठी वेगळ्या नोंदीची आवश्यकता राहिली नाही. लहान टेम्पो व टॅक्सी चालवून उदरनिर्वाह करणाऱ्या चालकांना आणि अपघातग्रस्तांना या निर्णयाने दिलासा मिळाला.

प्रशिक्षणाकडे वळण

भारतीय व्यवस्था आता परीक्षेकडून प्रशिक्षणाकडे वळू पाहत आहे. १ जुलै २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनी ‘अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रे’ ही संकल्पना आणली. अशा केंद्रात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून त्यात ८ तास तात्त्विक व २१ तास प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. मध्यम व अवजड वाहनांसाठी तो ३८ तासांचा आहे. केंद्रात आभासी चालन यंत्र व चाचणी मार्ग असणे आवश्यक आहे. या केंद्राचे प्रमाणपत्र मिळालेल्या उमेदवारास परिवहन कार्यालयातील प्रत्यक्ष चाचणीतून सूट मिळते. साध्या प्रशिक्षण शाळेच्या प्रमाणपत्राने ही सूट मिळत नाही. नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या छिंदवाडा येथील चालक प्रशिक्षण व संशोधन संस्थेसारख्या संस्था यापूर्वीपासून व्यावसायिक चालकांसाठी कार्यरत आहेत.

ही सुधारणा तत्त्वतः जपानच्या वाटेने जाणारी आहे आणि तिच्यातील जोखीमही तीच आहे. परीक्षा घेण्याचा अधिकार शिकविणाऱ्याकडेच गेला की प्रमाणपत्राचा दर्जा केंद्राच्या सचोटीवर आणि शासनाच्या देखरेखीवर अवलंबून राहतो. देखरेख सैल राहिली तर चाचणीही गेली आणि प्रशिक्षणही झाले नाही, अशी अवस्था ओढवू शकते. दुसरा प्रश्न समन्यायाचा आहे. अशी केंद्रे मोठ्या शहरांजवळ एकवटली आणि शुल्क चढे राहिले, तर मंडला किंवा डिंडोरीसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील तरुण त्यांपासून वंचित राहतील. त्यांच्यापैकी अनेकांसाठी चालकाची अनुज्ञप्ती हेच रोजगाराचे पहिले साधन असते. या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील नोंदवहीची पद्धत विचारार्ह आहे. शिकाऊ काळातील सहा महिन्यांत ठरावीक तासांचा, त्यातील काही तास रात्रीचा व महामार्गावरील सराव नोंदवून घेणे, हा उपाय कमी खर्चाचा आहे आणि त्यासाठी नवीन इमारतींची आवश्यकता नाही.

समारोप

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे दशक रस्ते सुरक्षा कृतिदशक म्हणून घोषित केले असून २०३० पर्यंत रस्ते अपघातांतील मृत्यू व जखमींची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राष्ट्रीय रस्ते सुरक्षा धोरण, २०१० मध्येही चालकांच्या प्रशिक्षणाला व अनुज्ञप्ती पद्धतीच्या बळकटीला स्थान दिलेले आहे. २०१९ च्या सुधारणेने दंड वाढविला. परंतु दंडाची भीती चूक करू पाहणाऱ्याला रोखते, चूक कशी टाळावी हे न शिकलेल्याला ती फारशी उपयोगी पडत नाही.

भारतासमोर ब्रिटनची कठोर परीक्षा, जर्मनी–जपानचे सक्तीचे प्रशिक्षण आणि न्यूझीलंडचे टप्पे असे तीन पर्याय आहेत. त्यांपैकी एकाचीच निवड करावी असे नाही. लांबलचक अंतरे, मिश्र रहदारी आणि दुचाकींचे मोठे प्रमाण ध्यानात घेता तिन्हींतील उपयुक्त अंश स्वीकारणे श्रेयस्कर ठरेल. शिकाऊ काळातील तीस दिवस प्रतीक्षेचे न राहता सरावाचे झाले, तर त्या बदलाचा पहिला लाभ जबलपूरसारख्या शहरांतील तरुण चालकांना आणि त्यांच्यासोबत रस्त्यावर चालणाऱ्या पादचाऱ्यांना होईल. भारतीय अनुज्ञप्तीला परदेशात मिळणारी मान्यताही त्याच प्रमाणात वाढू शकेल.